पात्र

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी जे बोलायचे राहिले होते ते लिहिताना घातले आहे.)



दरवर्षी कमिटी आम्हाला विचारते, यंदा कोणत्या विषयावर बोलणार? आणि दरवर्षी आम्ही 'धम्म आणि कामगार' असे सांगतो. यंदा आम्ही सांगितले, वाटी. सेक्रेटरी साहेबांना वाटले आम्ही जेवणाच्या वाट्यांबद्दल विचारतो आहोत. ते म्हणाले, "वाट्या आल्या आहेत, तुम्ही विषय सांगा." शेवटी पत्रिकेत 'धम्म आणि दैनंदिन जीवन' असे छापून आले. त्याला आमची हरकत नाही. पण आम्ही बोलणार आहोत ते वाटीवरच.

वाटी म्हणजे काय ते या मायमाउल्यांना सांगायची गरज नाही. दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी, हे माप त्यांच्या हातात आहे. शेजारणीने वाटीभर साखर नेली तर वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर का होईना काहीतरी घालून द्यायचे, रिकामी द्यायची नाही, ही रीत आपल्या वस्तीत अजून आहे. पण हा शब्द घराबाहेरही फार फिरतो. खोबऱ्याची वाटी असते. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात. गुडघ्याला वाटी असते, आणि साच्यावर आठ-आठ तास उभे राहून आमची ती वाटी केव्हाच झिजली आहे. आमच्या भागात लहान ती वाटी, त्याहून मोठा तो कटोरा, आणि त्याच्याही पुढे गेला की गंज. आता गंमत पहा. तोच कटोरा स्वयंपाकघरात असला तर संसार, आणि रस्त्यात हातात धरला तर भीक. 'हाती करवंटी आली' म्हणजे माणूस धुळीला मिळाला. करवंटी बिचारी नारळाची. तिने काय केले?

म्हणजे भांडे तेच, पण ते कोणाच्या हातात आहे आणि त्यात घालणारा कोण आहे, यावर अर्थ ठरतो. आम्हाला आज एवढेच उकलून पाहायचे आहे.

आपला जिल्हाच भांड्यांचा. आंधळगाव म्हटले की लोक कोशाच्या साडीचे नाव काढतात, आणि भंडारा म्हटले की पितळेचे. तांबे आणि जस्त मिळून पितळ, तांबे आणि कथील मिळून कासे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो म्हणून आतून कथलाची कल्हई. ही सगळी विद्या भंडाऱ्याच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या नांदली. एवढी भांडी जिल्ह्यात घडत होती, पण आमच्या आजीच्या घरात ती नव्हती. जेवायला मातीचे परळ, नाही तर पळसाच्या पानांचे द्रोण. आजी म्हणायची, "आमच्या इथं भांडे घासाचा तरास नव्हता, द्रोण फेकला का झालं." ती हे हसून सांगायची. त्या हसण्यामागे काय होते ते आम्हाला पुष्कळ उशिरा, पुस्तके वाचायला लागल्यावर कळले.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एक्कावन्न आणि बावन्न क्रमांकाचे श्लोक आहेत. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, त्यांना 'अपपात्र' करावे, म्हणजे त्यांनी वापरलेले भांडे पुन्हा कोणी वापरू नये, त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे, अंगावर दागिना घालायचा तर तो लोखंडाचा, असा त्यांचा आशय आहे. भांडेसुद्धा कायद्याने फोडून दिले! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा अनेकांनी विचारले, जुने पुस्तक जाळून काय मिळाले? त्यांनी पुढचे ऐकावे. नोव्हेंबर १९३५ मध्ये, म्हणजे महाडनंतर आठ वर्षांनी, अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू नावाच्या गावी बऱ्यापैकी सुस्थितीतल्या अस्पृश्य घरांतल्या बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी ही हकिकत 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ सालच्या प्रबंधात नोंदवून ठेवली आहे. पाणी त्यांचे, घर त्यांचे, भांड्याला पैसे त्यांचे. गुन्हा एकच, की भांडे मातीचे नव्हते.

म्हणून आमच्या आईच्या वाटीची गोष्ट आम्ही इथे सांगतो. आई बिड्या वळायची. या जिल्ह्यात किती आयांनी बिड्या वळून पोरे शिकवली त्याची गणती नाही. हजार बिड्यांची मजुरी हातात पडली की तिच्यातले काही ती तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवायची. असे साठवून साठवून तिने भंडाऱ्याहून एक ताट, एक गडवा आणि एक वाटी आणली, पितळेची. दुकानदार नाव कोरून द्यायचा. त्याने विचारले, "मालकाचं नाव सांगा." आई म्हणाली, "मालकाचं कावून? पैसे माहे, नाव माहं घाल." वाटीवर अजून आईचेच नाव आहे, एक वेलांटी चुकलेली. तिला वाचता येत नव्हते, पण त्या अक्षरांवरून ती बोट फिरवत बसायची. बाबा थट्टा करायचे, "झालं का वाचून?"

आता दुसरा शब्द घेऊ, पात्र. वाटी हा घरचा शब्द, पात्र हा पोथीतला. पण मराठी माणसाने त्याला किती कामाला लावले आहे! वैनगंगेचे पात्र आपण म्हणतो, म्हणजे नदीचे पाणी ज्यात राहते ते. १९८८ साली गोसीखुर्दच्या धरणाचा पाया घातला गेला, पुढे पात्र फुगले आणि गावे उठली. दंडारीत किंवा झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारा, तोही पात्र. आमच्या तरुणपणी शंकरपटाच्या रात्री आम्हीसुद्धा एकदा पात्र होतो, दोन वाक्यांचे. त्यातले एक विसरलो. आणि तिसरा अर्थ म्हणजे लायक, योग्य. ज्याच्यात काही घालण्यासारखे आहे तो पात्र, नाही तो अपात्र.

हा तिसरा अर्थच गरिबाला छळतो. आम्ही नागपूरला एका कापडगिरणीत होतो. गिरणी बंद पडली. देणी मिळणार म्हणून याद्या लागल्या, त्यात काहींच्या नावापुढे 'पात्र' आणि काहींच्या नावापुढे 'अपात्र'. आमच्यापुढे 'अपात्र' लिहिले होते, कारण एका कागदावर बापाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक होता. ते दुरुस्त करायला दीड वर्ष लागले. तेव्हापासून रेशनची यादी असो, घरकुलाची असो, की २०२४ साली लाडक्या बहिणीच्या अर्जांसाठी आपल्या बायाबापड्यांनी रांगा लावल्या ते असो, 'पात्र लाभार्थी' हे शब्द दिसले की आमच्या पोटात गोळा येतो. देणारा खुर्चीत बसतो आणि घेणाऱ्याची लायकी तपासतो. घेणारा कधी देणाऱ्याची लायकी तपासत नाही. जुन्या धर्मातही हेच होते. 'सत्पात्री दान' असा शब्द होता, पण सत्पात्र कोण हे जन्माने ठरून बसलेले. (जाता जाता सांगतो, १९५४ साली प. पू. बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पडले. पात्र-अपात्र ओळखण्यात आपल्या जिल्ह्याचा इतिहास तितकासा चांगला नाही.)

आता तथागतांच्या पात्राकडे येऊ. पाली भाषेत त्याला 'पत्त' म्हणतात. भिक्खूच्या जवळ आठ वस्तू असाव्यात असे सांगितले आहे. तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचे फडके. बस. एवढाच संसार. त्यातले पात्र कशाचे असावे यावर विनयपिटकात एक मोठी मजेदार कथा आहे.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीला उंची चंदनाचा ओंडका मिळाला. त्याने त्याचे पात्र करविले आणि बांबूला बांबू बांधून उंच टोकावर टांगले. म्हणाला, जो खरा अर्हत असेल, ज्याच्या अंगी ऋद्धी असेल, त्याने हे उतरवून न्यावे. बरेच नामांकित आचार्य येऊन गेले, कोणाला जमले नाही. शेवटी पिंडोल भारद्वाज नावाचे भिक्खू हवेत उठले, पात्र घेतले आणि राजगृहाला तीन फेऱ्या मारल्या. लोकांनी जयजयकार केला. गलका ऐकून तथागतांनी आनंदांना विचारले, हा आवाज कसला? खरी गोष्ट कळल्यावर शाबासकी दूरच, त्यांनी पिंडोलांची भर संघात कानउघाडणी केली. एका लाकडाच्या भांड्यासाठी गृहस्थांपुढे चमत्कार दाखवतोस? त्या चंदनी पात्राचे तुकडे करायला लावले आणि त्याची पूड भिक्खूंना डोळ्यांच्या अंजनात घालायला दिली. आणि नियम केला की लाकडाचे पात्र नको. सोन्याचे नको, चांदीचे नको, रत्नांचे नको, काशाचे नको, काचेचे नको, तांब्याचे नको. दोनच चालतील, लोखंडाचे आणि मातीचे.

बंधूंनो, इथे थोडे थांबा. मनूने चांडाळाला काय दिले होते? लोखंड आणि फुटकी माती. तथागतांनी राजकुळातून आलेल्या भिक्खूच्याही हातात काय दिले? लोखंड आणि माती. शाक्यांचे राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एका रांगेत बसले तेव्हा दोघांच्या पुढ्यात एकाच जातीचे भांडे होते. भांड्यावरून माणूस ओळखायची सोयच राहिली नाही. मनुस्मृती तथागतांच्या नंतरची आहे हे ध्यानात घेतले म्हणजे कोणी काय पुसले आणि कोणी पुन्हा काय लिहिले ते समजते.

विनयात पात्राची निगा कशी राखावी हेही इतके बारीक सांगितले आहे की आमच्या घरच्यांना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्यानं कधीतरी भांडी घासली असतील." ओले पात्र ठेवून देऊ नये. फार वेळ उन्हात ठेवू नये. बाकाच्या कडेवर ठेवू नये. पात्र हातात असताना दार ढकलू नये. पात्रात हाडे, उष्टे, खरकटे पाणी वाहून नेऊ नये. पात्राचे आकार तीन, मोठे, मध्यम आणि लहान, आणि ते मोजायचे त्यात किती भात मावतो त्यावरून. आपल्या धानाच्या मुलखाला हे माप लगेच पटेल. जादा पात्र दहा दिवसांपेक्षा जास्त जवळ ठेवायचे नाही. आणि आम्हाला सर्वांत आवडलेला नियम असा, की जुने पात्र पाच ठिकाणी सांधल्याशिवाय नवे मागायचे नाही.

गिरणी बंद पडल्यावर आम्ही घरची पितळ मोडीत घातली. ताट गेले, गडवा गेला. वाटी तेवढी घरच्यांनी तांदळात लपवून ठेवली, सासूसारखीच. त्या वाटीला आज तीन डाग दिलेले आहेत. विनयाप्रमाणे अजून दोन बाकी आहेत.

हे सारे ठीक आहे, पण पात्र घेऊन जायचे कसे, यात खरी गोम आहे. भिक्खू दारात उभा राहतो, मागत नाही. एक घर झाले की पुढचे घर, मध्ये कोणाचे दार वगळायचे नाही. याला 'सपदान चारिका' म्हणतात. हे घर श्रीमंताचे म्हणून आधी, ते हलक्या जातीचे म्हणून नको, हे चालत नाही. भिकारी आणि भिक्खू यांत इथेच फरक पडतो. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना निक्षून सांगितले की शिळेपाके मागणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा. आणि तेच बाबासाहेब पुढे आपल्याला पात्र हातात धरणाऱ्या बुद्धाकडे घेऊन आले. काही लोकांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. पहिल्या कटोऱ्यात देणारा वरून टाकत होता आणि घेणाऱ्याला 'नको' म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या पात्रात ती सोय आहे.

कशी ते सांगतो. वैशालीचा वड्ढ नावाचा लिच्छवी होता. काही दुष्ट भिक्खूंच्या नादी लागून त्याने दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला. चौकशी झाली, खोटे उघडे पडले. तेव्हा संघाने त्याच्यावर 'पत्त-निक्कुज्जन' केले, म्हणजे पात्र पालथे घातले. या घरचे अन्न आम्ही घेणार नाही. वड्ढ श्रीमंत होता, देणारा होता, पण ज्या दिवशी घेणाऱ्यांनी पात्र पालथे केले त्या दिवशी तो देण्याला अपात्र ठरला! आनंदांनी जाऊन त्याला हे सांगितले तेव्हा तो जागीच मूर्च्छित पडला. नंतर ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी तथागतांकडे आला आणि आपली चूक त्याने कबूल केली. मग संघाने पात्र पुन्हा सुलटे केले. शिक्षा कायमची नव्हती.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १९९० साली ब्रह्मदेशात, ज्याला आता म्यानमार म्हणतात, भिक्खूंनी लष्करी राजवटीच्या लोकांकडून दान घ्यायचे नाही असे ठरवले. पुन्हा सप्टेंबर २००७ मध्ये हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले आणि त्यांतल्या कित्येकांनी पात्रे पालथी धरली होती. समोर बंदुका, यांच्या हातात पालथे भांडे. आम्ही युनियनमध्ये पुष्कळ संप पाहिले, पण खाणाऱ्याने वाढणाऱ्याविरुद्ध केलेला असा संप आम्ही कुठे पाहिला नाही. राजवट त्याला घाबरली, कारण बौद्ध माणसाला तुझ्या हातचे घेत नाही असे सांगणे म्हणजे काय, ते त्या लष्करी अधिकाऱ्यांना कळत होते.

आता आम्ही ज्याच्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो. तब्बल एक वर्ष आम्ही ते पोटात ठेवले आहे.

गेल्या वर्धापनदिनी खीरदान होते. आपल्या वस्तीचा रस्ता पहाटे झाडते ती बाई, आपल्या समाजाची नाही, धम्मात आलेली नाही, दुपारी विहाराच्या फाटकापाशी आली. हातात जर्मनचा कटोरा, एका बाजूने चेपलेला. आत सगळे पंगतीत बसून स्टीलच्या वाट्यांत खीर घेत होते. ती फाटकातच उभी राहिली आणि तिने कटोरा पुढे केला. खिरीचा डाव कोणाच्या हातात होता? आमच्याच. आम्ही फाटकापाशी गेलो, डाव उंच धरला आणि हातभर अंतरावरून खीर सोडली. थोडी तिच्या मनगटावर सांडली, गरम होती. ती काही बोलली नाही. आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो.

रात्री घरी आमच्या सौ. म्हणाल्या, "डाव कितीक उंच धरला होता तुम्ही."

आम्ही म्हटले, "गर्दी होती."

त्या म्हणाल्या, "फाटकावर ती एकटीच होती."

आम्ही चिडलो. चाळीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाला तू काय शिकवतेस, असे बोलून गेलो. पण झोप लागली नाही. आजी सांगायची, विहिरीवर ओंजळ करून उभे राहायचे आणि दया आली तर कोणी वरून पाणी सोडायचे. भांडे ज्याला नाही त्याचे पहिले पात्र म्हणजे ओंजळ. बाबासाहेबांना शाळेत शिपाई आला तरच पाणी मिळे, नाही तर तहानलेले राहावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईच्या गिरण्यांत कपडा खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याला थुंकी लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला होता. हे सर्व आम्ही किती सभांतून सांगितले असेल! आणि तो डाव, ती उंची, आमच्या दंडाला कोणी शिकवली? आम्ही ठरवून केले नव्हते. ठरवून केले असते तर बरे, निदान थांबवता आले असते.

थेरगाथेत महाकाश्यपांची आठवण आहे. ते भिक्षेला नगरात गेले. एक कुष्ठरोगी जेवत होता. ते त्याच्याजवळ आदराने उभे राहिले. त्याने आपल्या झडक्या हाताने घास पात्रात घातला आणि घासाबरोबर त्याचे एक बोटही तुटून पात्रात पडले. महाकाश्यप भिंतीच्या कडेला बसले आणि तो घास त्यांनी खाल्ला. खाताना किंवा खाल्ल्यावर किळस वाटली नाही, असे ते सांगतात. आम्ही हे कित्येक वेळा वाचले होते. ते घेण्याबद्दल आहे असे समजत होतो, देण्याबद्दल कधी समजलो नव्हतो.

पंधरा दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण तिथे शब्द फुटेना. शेवटी म्हटले, "बाई, त्या दिवशी तुम्ही आत आल्या नाही." ती म्हणाली, "आत कोण बोलावलं?" मग आम्ही विचारले, "आणि भांडं घरून आणलं?" ती म्हणाली, "कुठंय जा भाऊ, आपलं भांडं आपल्या संगं ठेवावं लागते. नाही त मंग द्रोण देतात नाही त पन्नी देतात." तिने चहा केला. कपाचा कान तुटलेला होता आणि कप तिने चारदा विसळला, आमच्यासमोर. आम्ही चहा घेतला. आम्ही माफी मागितली की नाही असे कोणी विचारेल. मागितली, पण नीट जमली नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या, खीर गोड होती."

पात्र पालथे घालण्याची जी आठ कारणे विनयात दिली आहेत, भिक्खूंचे नुकसान करणे, शिवीगाळ करणे, त्यांच्यात फूट पाडणे वगैरे, त्यांत डाव उंच धरणे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो संघाचा अधिकार आहे, रस्ता झाडणाऱ्या बाईचा नाही, हेही ठाऊक आहे. तरी त्या दुपारी तिने कटोरा पालथा केला असता तर अपात्र कोण ठरले असते? हा प्रश्न आम्ही कमिटीच्या बैठकीत मांडला. काही जण म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नये, घरची भांडणे स्मरणिकेत छापू नयेत. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो आणि छापतो.

त्या बैठकीत दोन गोष्टी झाल्या. एक अशी, की पुढे विहारात कोणालाही फाटकावर वाढायचे नाही. जो येईल तो आत येईल, पंगतीत बसेल आणि विहाराच्याच वाटीत घेईल. घरी न्यायचे असेल त्याने जेवून झाल्यावर खुशाल डबा भरून न्यावा. दुसरी गोष्ट अजून मिटलेली नाही. एका दानशूर सद्गृहस्थांची इच्छा आहे की बुद्धमूर्तीपुढे काचेच्या पेटीत चांदीचे पात्र ठेवावे. त्यांची श्रद्धा मोठी आहे, त्यांचे विहारावर उपकार आहेत. पण चंदनी पात्राची कथा आम्ही आताच सांगितली. पवनीला १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि जमिनीखालून स्तूप निघाला, याचा आपल्याला सर्वांना अभिमान आहे. त्या काळी या वैनगंगेच्या काठाने जे भिक्खू फिरले असतील त्यांच्या हातात, विनय पाळला असेल तर, चांदी नव्हती. आमचे म्हणणे, ठेवायचेच असेल तर कुंभाराकडून मातीचे घ्या आणि उघडे ठेवा, पेटी नको. मतदान झाले तर आम्ही पडू असा रंग आहे.

तोवर जेवणाच्या वाट्यांचे काम झाले आहे. वर्गणीतून स्टीलच्या नव्या दोनशे वाट्या घेतल्या. देणगीदारांची नावे कोरायची की नाही यावर वाद झाला. भांड्याला भांडे लागणारच. शेवटी एकच शब्द कोरला, 'विहार'. यंदा वेलांटी आम्ही स्वतः तपासली.

ती बाई आज आली आहे. कुठे बसली आहे ते आम्ही सांगणार नाही, आणि कोणी मागे वळून पाहू नये ही विनंती आहे. जेवण झाल्यावर आपली वाटी ज्याने त्याने धुऊन भिंतीकडच्या टोपलीत पालथी ठेवावी. बुद्धपौर्णिमेच्या जेवणानंतर मोजल्या तेव्हा दोनशेपैकी एकशे त्र्याऐंशीच भरल्या. सतरा वाट्या कोणाकोणाच्या घरी चुकून गेल्या असतील. नाव कोरलेले आहे, ओळखायला अडचण नाही. त्यांनी त्या आणून द्याव्यात, कोणी काही विचारणार नाही. रिकाम्या दिल्या तरी चालतील.

जयभीम.